जर्नीमॅन भटका नाही हो, रोजंदार!

आइस हॉकीच्या एका डिफेन्समनवर लिहायचंय, तर 'जर्नीमॅन'ला (म्हणजे बऱ्याच टीममधून खेळत आलेल्या खेळाडूला) 'भटका बचावपटू' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. नाही चालणार! आधीच फिटनेस जर्नी, वेटलॉस जर्नी ऐकून कान किटलेत, त्यात हा बिचारा पण प्रवासाला नका धाडू. उमेदवारी संपलेला कारागीर वगैरे अर्थ कुठल्याही डिक्शनरीत सापडतील, ते सोडा.

गंमत आहे ती फ्रेंच 'जुर्ने'मध्ये. जुर्ने म्हणजे दिवस, आणि दिवसभराचं कामही. खुद्द जर्नी म्हणजे सुद्धा आधी एका दिवसाची मजल. आता आपला 'रोज' बघा, फारसीत नुसता दिवस, पण पावसाने काम बंद पडलं की मजूर म्हणतो आज रोज बुडाला, म्हणजे बुडाली ती मजुरी! जर्नल पण त्याच घरातलं, आणि हिशेबाच्या पुस्तकात त्याला आपण म्हणतो रोजकीर्द. इतकी जोडी जुळत असताना लोकांना 'रोजंदार' का सुचत नाही कळत नाही.

यावर काही पंडित लगेच ते जर्मन कारागीर पुढे करतात, तीन वर्षं एक दिवस गावोगाव फिरणारे. अहो, पण त्यांचा शब्द 'गेझेले', मुळात एका घरात राहणारा सोबती! म्हणजे फिरणं तिथल्या शब्दातही नाही आणि इथल्याही.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगमधला बचावपटू रॉन हेन्सी घ्या. 2000 साली नव्या खेळाडूंच्या निवडीत मॉन्ट्रियलच्या टीमने पहिल्या फेरीत निवडला, 2005 मध्ये वेव्हरवर टाकला, म्हणजे हवा त्या टीमने उचला म्हणून सोडला, कोलंबसच्या टीमने उचलला, मग अटलांटा, तर तिथे 2011 मध्ये अख्खी टीमच चंबूगबाळं आवरून विनिपेगला गेली, आता भटकं कोण, टीम का हा? मग कॅरोलिना, आणि लीगच्या 907 साखळी मॅच भरल्यावर 2017 मध्ये पिट्सबर्गकडून कुठे पहिली प्लेऑफ, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांची, मॅच मिळाली, त्याच वर्षी लीगचा विजेता करंडक, स्टॅनली कप पण. त्यानंतरही टोरंटो आणि ओटावा आहेतच.

आणि माझा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे एनएचएलचा टू-वे करार. ज्या दिवशी मोठ्या टीममध्ये त्या दिवसाचा दर वेगळा, खालच्या लीगमध्ये पाठवलं की दर वेगळा, पगार दिवसांवर मोजतात राव! याला रोजंदारी नाही तर काय म्हणायचं?

हां, डिफेन्समनला बचावपटू चालेल.