आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगच्या (ऐकण्याच्या चाचणीच्या) तिसऱ्या भागात दोन-तीन जण बोलतात तेव्हा गोंधळ होतो. तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की पहिले दोन भाग बरे जातात, तिसऱ्यात मात्र कोण काय म्हणालं हेच निसटतं आणि परीक्षा सहा आठवड्यांवर आलीय. माझं अगदी हेच होत होतं. सरावात पहिल्या वीस प्रश्नांपैकी अठरा बरोबर यायचे आणि तिसऱ्या भागात दहापैकी चार. चौथ्या भागातलं व्याख्यान खरं तर जास्त अवघड, पण त्यातही सात यायचे. तेव्हा लक्षात आलं की माझं इंग्रजी कमी पडत नव्हतं. मी ऐकत होते ती गोष्टच वेगळी होती.

पहिल्या भागात माहिती हवी असते: नाव, तारीख, पत्ता. कानावर पडली की लिहायची. तिसऱ्या भागात विद्यार्थी आपसात किंवा प्राध्यापकांशी एखाद्या प्रकल्पाबद्दल बोलत असतात. माणसं चारपर्यंत असू शकतात. इथे प्रश्न असतो तो कुणाला काय पटलं आणि शेवटी काय ठरलं याचा. म्हणजे शब्द पकडून भागत नाही, होकार-नकार पकडावा लागतो.

एक नमुना मीच रचून दाखवते. प्रश्न: दोघं माहिती कशी गोळा करणार? पर्याय: मुलाखती, प्रश्नावली, निरीक्षण. मुलगी म्हणते, मुलाखती घेऊया. मुलगा म्हणतो, "दॅट्स वन ऑप्शन, बट..." आणि मुलाखती लिहून काढायला किती वेळ जाईल ते सांगतो, त्यापेक्षा प्रश्नावली बरी. मुलगी जरा थांबून म्हणते, "आय सपोज सो..." आणि लगेच आठवण करून देते की गेल्या वर्षी फार थोड्यांनी ती भरून दिली होती. ग्रंथालयात बसून कोण काय वापरतं ते टिपून ठेवलं तर? मुलगा: "ॲक्चुअली, दॅट वुड सॉल्व्ह इट." उत्तर निरीक्षण. पण 'निरीक्षण' हा शब्द कुणी उच्चारलाच नाही. उरलेले दोन पर्याय मात्र स्पष्ट ऐकू आले, आणि मी नेमकी त्यातल्या एकावर खूण करायचे.

म्हणून मी नुसते पेपर सोडवत सुटायचं थांबवलं. केंब्रिजच्या सरावाच्या पुस्तकांत शेवटी संवाद छापलेले असतात, त्यांचा उपयोग करा. आधी परीक्षेसारखं एकदाच ऐकून उत्तरं लिहा. मग छापील संवाद घेऊन प्रत्येक वाक्यापाशी खूण करा: सुचवलं, खोडून काढलं, अर्धवट मानलं की पूर्ण मानलं. नंतर कागद बाजूला ठेवून पुन्हा ऐका. प्रत्येकाचं बोलणं संपलं की थांबवा आणि मोठ्याने म्हणा: "हो", "नाही", "अजून ठरलं नाही". एका संवादाला पाऊण-एक तास जातो, तो जाऊ द्या. मला सगळ्यात जास्त फायदा याच कामाचा झाला.

हे करताना होकार-नकाराचे शब्द वहीत आपोआप जमतात. "फेअर इनफ" नाखुशीने म्हटलं तरी होकारच असतो. "आय सी व्हॉट यू मीन" नंतर बहुतेकदा "बट" येतं. "आय वॉज गोइंग टू" म्हणजे बेत बदललेला असण्याची दाट शक्यता. "आय सपोज सो" चा अर्थ मात्र सुरावर ठरतो. हे वाचून येत नाही, कानालाच सवय लावावी लागते.

आवाजांची ओळख सुरुवातीलाच पटवून घ्या. कोण बोलणार ते आधी सांगतात आणि बोलतानाही ते एकमेकांना नावाने हाक मारतात. कागदावरची परीक्षा असेल तर प्रश्नपत्रिकेवर लिहायला मुभा असते, प्रश्नाशेजारी नावाचं आद्याक्षर टाका. पर्यायांच्या जोड्या लावायच्या प्रश्नात याचा फार आधार होतो.

प्रश्न संवादाच्याच क्रमाने येतात. एखादा हुकला तर त्यात अडकू नका, पुढच्यावर जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामं काही ठेवायचं नाही.

वेगवेगळ्या आवाजांची सवय व्हावी म्हणून मी बीबीसी रेडिओ 4 वरचा 'इन अवर टाइम' ऐकायचे. एक सूत्रधार, साधारण तीन अभ्यासक आणि एकच विषय. विषय कळला नाही तरी चालेल, रोज दहा मिनिटं फक्त एवढंच बघा की आता बोलणारा आधीच्याला दुजोरा देतोय की त्याला काही दुरुस्त करायचंय. सिनेमे पाहून मला या भागात काही फरक पडला नाही. तिथे चित्रावरूनच निम्मं कळतं.

सहा आठवड्यांत असं करा: पहिले चार आठवडे, आठवड्याला तीन संवाद वरच्या पद्धतीने. शेवटचे दोन आठवडे एक दिवसाआड पूर्ण चाळीस प्रश्नांचा पेपर, मध्ये न थांबवता. चाळीसपैकी तीसच्या आसपास बरोबर आले की साधारण 7 बँड (नऊपैकी गुणांची पातळी) मिळतो. माझे तिसऱ्या भागात चाराचे आठ व्हायला पाच आठवडे लागले, त्यातले पहिले दोन काहीच हललं नव्हतं. तुमचंही तसं झालं तर पद्धत बदलू नका. अडलेला एखादा संवाद इथे लिहून पाठवलात तर मी बघून सांगेन.