ऐरोलीतला माझा फ्लॅट ट्रान्स मैत्रिणीला भाड्याने द्यायचाय. सोसायटीची कमिटी अडवू शकते का?

नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या 2019 च्या कायद्यात, कलम 3 मध्ये, घर भाड्याने घेण्याच्या बाबतीत भेदभाव करायला थेट मनाई आहे. 'इथे फॅमिलीच राहते' हे वाक्य ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत कमिट्यांना पाठ असतं, पण या कलमापुढे ते टिकत नाही.

तसंही गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) भाडेकरूची माहिती सोसायटीला कळवायची असते, एनओसी मागायची नसते. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, दोन्हींच्या प्रती सेक्रेटरीकडे देऊन पोच घ्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. राग तिथे काढला जाऊ शकतो, म्हणून बिल नीट बघा. नकार सहसा तोंडीच येतो. 'लेखी द्या' म्हणा, निम्मे तिथेच गार होतात.

समलिंगी जोडप्यांची बाजू मात्र अजून लंगडी आहे. 2018 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या कचाट्यातून सुटका झाली, पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला मान्यता दिली नाही, आणि घरभाड्यासाठी त्यांना असं वेगळं कलमही नाही. म्हणून बरेच जण करारावर नुसते रूममेट असतात.