नळाचं पाणी आणि बाळाची बाटली

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं आहे. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलंय. आरओचं पाणी कोमट करून वापरलं तर चालेल ना? सासूबाई म्हणतात, उकळायलाच हवं.

उत्तर: सासूबाईंचं बरोबर आहे. आरओच्या साठवण टाकीत आणि तोटीत जंतू पुन्हा वाढू शकतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुधाची पावडरही निर्जंतुक नसते. क्वचित तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू सापडतो आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. पावडरीत ओतताना पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असेल तरच तो मरतो. कोमट पाण्यात उलट फोफावतो. डब्यावर कोमट पाणी लिहिलं असेल, तर इतक्या लहान बाळासाठी डॉक्टरांना जरूर विचारा.

नळ आल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी धुण्याभांड्याला घ्या. पुरवठा बंद असताना रिकाम्या पाइपात शिरलेली घाण त्यात उतरते. गीझरचं पाणी नकोच. पाणी गढूळ असेल तर निवळू द्या, वरचं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळा. तुरटीने गाळ बसतो, पण जंतूंसाठी उकळणं सुटत नाही. निदान एक लिटर पाणी घ्या, खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवा आणि झाकून अर्ध्या तासाच्या आत वापरा. वाटीभरच उकळलंत तर ते फार लवकर सत्तरच्या खाली जातं.

बाटलीत आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर. चमचा सपाट करायचा, शीग नको, दाबूनही भरायचा नाही. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा असतो, तरी आपल्या डब्यावरचं प्रमाण वाचा. डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवलं तर बाळाचं वजन वाढत नाही आणि रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. दूध ढवळल्यावर बाटली थंड पाण्याच्या भांड्यात धरा, पाणी बुचापर्यंत चढू देऊ नका. मनगटावर थेंब टाकून पाहा. बाळाने टाकलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवू नका. तयार केलेलं दूधही दोन तासांत संपवायचं.

खरं तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बूच आणि आटे घासताना चुकतात, वाटी चुकत नाही.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. जास्त वेळ उकळलं तर पुरे का?

उत्तर: नाही. गोठा, शौचखड्डा किंवा खतं घातलेलं शेत जवळ असेल तर पाण्यात नायट्रेट असू शकतं. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटतं तसं वाढतं. लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर दिसतात. असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. नायट्रेट आरओने बऱ्यापैकी कमी होतं, नुसत्या यूव्ही फिल्टरने नाही.

प्रश्न: उकळलेल्या बाटल्यांवर पांढरा थर बसतो. घातक आहे का?

उत्तर: नाही, जड पाण्यातले क्षार आहेत. पाण्यात व्हिनेगर घालून बाटल्या थोडा वेळ बुडवा, घासा, धुवा आणि पुन्हा पाच मिनिटं उकळा. नंतर नळाखाली विसळू नका.