आंब्याच्या पट्ट्या आणि सल्लागाराची नोकरी

करिअर समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांकडून एक शंका मी वारंवार ऐकते : मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना त्यांच्या कारभाराविषयी सल्ला देण्याच्या व्यवसायात, फर्डे इंग्रजी आणि अनुभव नसताना आपल्याला कोण विचारणार? देवगड तालुक्यातील बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी (तिला सायली म्हणू) हीच शंका घेऊन वडिलांसह आली होती. वडील आंबा बागायतदार, त्यांचा प्रश्न अधिक रोखठोक होता : "लोकांका शाणपण शिकवून पगार गावता?"

सुरुवातीला मी चुकले. इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुचवून मी तिची बोळवणच करणार होते. तेवढ्यात वडील सहज म्हणाले की, यंदा पेट्या गेल्या वर्षीइतक्याच गेल्या, तरी हातात पैसा कमी आला, त्यावर सायली उत्तरली, "दलालाने भाव पाडला." हे कशावरून, असे विचारल्यावर ती गप्प झाली. मी तिला वाशीच्या बाजारातून आलेल्या दोन्ही हंगामांच्या पट्ट्या, म्हणजे दलालाने पाठवलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, घेऊन यायला सांगितले.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या पट्ट्या आल्या. काहींवरची शाई पुसट झालेली. कमाई का घटली, या एका प्रश्नाचे आम्ही तुकडे केले : पेट्या, भाव आणि खर्च. अडत, हमाली, वाहतूक यांत फारसा फरक नव्हता. मग तिने पंधरवड्यांप्रमाणे भाव मांडले आणि थबकली, कारण त्या-त्या पंधरवड्याचे भाव दोन्ही वर्षी जवळपास सारखेच होते. यंदा मोहोर उशिरा आल्यामुळे निम्म्याहून अधिक पेट्या मे महिन्यात, बाजारात आंब्याचा पूर आलेला असताना गेल्या होत्या. दलालावरचा आरोप आकड्यांपुढे टिकला नाही.

हा व्यवसाय नेमका काय आहे, ते मला मग तिला सांगता आले. शिकागोतील जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने 1926 मध्ये आपली सल्लागार संस्था सुरू केली, म्हणजे जमाखर्चाच्या वहीशी याचे नाते जुनेच आहे. या कंपन्यांच्या मुलाखतीत "अमुक कंपनीचा नफा का घटला?" अशा धर्तीचे प्रश्न विचारले जातात आणि उमेदवार प्रश्नाची फोड कशी करतो, अंदाज कशाच्या आधारावर बांधतो, हे तपासले जाते. इंग्रजी लागतेच, परंतु ते स्वच्छ असावे; अलंकारिक असण्याची गरज नाही. वाट मात्र अरुंद आहे, हे मी लपवले नाही : नामांकित संस्थेतून एमबीए, त्यासाठी बहुधा कॅट या प्रवेश परीक्षेची तयारी, आणि नोकरी लागल्यावर प्रवास व जागरणे. काही कंपन्या अभियंते आणि चार्टर्ड अकाउंटंट यांनाही घेतात, बी.कॉम.नंतर हा दुसरा मार्गही तिने पडताळून पाहावा, असे मला वाटले.

उत्साहाच्या भरात सायलीने वडिलांना सल्ला दिला, "पुढच्या वर्षी आंबा लवकर पाठवा." ते हसले. "मोहोर माझ्या हातात आसा?" माझ्या मते त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा धडा हाच होता, कारण ज्याला सल्ला द्यायचा त्याच्या हातात काय आहे हे आधी विचारावे लागते, आणि पुस्तके वाचून आलेली हुशार मुले नेमकी तिथेच घसरतात.

थोड्या वेळाने वडिलांनीच विचारले, "मगे मे महिन्यातल्या आंब्याचा काय करूचा?"

सायलीने डब्याचे झाकण लावले. "बाबा, आधीच्या तीन वर्षांच्या पट्ट्या माळ्यावर असतील ना? त्या बघितल्याशिवाय सांगणार नाही."