एकच ब्रँड, तीन किमती

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी ब्रँडचं मूल्य काढणाऱ्या तीन संस्थांच्या, २०२४ च्या सर्वाधिक मूल्यवान जागतिक ब्रँडच्या याद्या जमवल्या. तिन्हींत अ‍ॅपल पहिला. पण त्याचं मूल्य इंटरब्रँडच्या यादीत सुमारे ४८९ अब्ज डॉलर, ब्रँड फायनान्सच्या यादीत ५१७ अब्ज आणि कांटारच्या यादीत एक हजार अब्जांच्याही वर! ताई, यातला खरा आकडा कोणता? आणि अ‍ॅपलच्या ताळेबंदात ही रक्कम का सापडत नाही?

उत्तर : आधी ताळेबंदाचं बघू, कारण तिथे उत्तर सरळ आहे. कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड मालमत्ता म्हणून दाखवायला आयएएस ३८ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक मनाई करतं. अमेरिकेचे नियमही तेच सांगतात. विकत घेतलेला ब्रँड मात्र दाखवावा लागतो, कारण त्यासाठी कुणीतरी खरे पैसे मोजलेले असतात. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला, त्यामुळे हा कंजूषपणा मला मनापासून पटतो.

आता याद्या. ब्रँड फायनान्स विचारतं : हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं असतं, तर वापरण्यासाठी कंपनीला किती रॉयल्टी द्यावी लागली असती? वाचलेल्या रॉयल्टीचं आजचं मूल्य म्हणजे ब्रँडची किंमत. इंटरब्रँड पुढच्या नफ्याचा अंदाज बांधतं आणि त्यातला किती वाटा नावामुळे आला ते ठरवतं. कांटार हाच वाटा ग्राहकांच्या मुलाखतींमधून काढतं. बघा, 'वाटा किती' हे प्रत्येकाने आपापल्या रीतीने ठरवलंय. तो थोडा सरकला की अब्जावधी इकडचे तिकडे. तेव्हा तीन आकडे ही तीन मतं आहेत. यातलं एक खरं आणि बाकीची खोटी, असं नाही.

कधी कधी तर पहिला नंबरही जुळत नाही. २००७ मध्ये इंटरब्रँडच्या यादीत कोका-कोला वर होती, तर आज कांटारच्या नावाने निघणाऱ्या यादीत त्याच वर्षी गूगल. कोका-कोलाला इंटरब्रँडच्या शिखरावरून अ‍ॅपलने थेट २०१३ मध्ये उतरवलं. शिवाय यादीत कुणाला घ्यायचं याचे नियमही वेगळे. इंटरब्रँडची अट अशी की किमान ३० टक्के उत्पन्न मायदेशाच्या प्रदेशाबाहेरून हवं. म्हणून चीनमधल्या बलाढ्य बँका ब्रँड फायनान्सकडे वरच्या रांगेत दिसतात आणि इंटरब्रँडकडे दिसत नाहीत.

हा उद्योग फोफावला कसा, तेही प्रकल्पात घालाच. १९८८ मध्ये रँक हॉविस मॅकडुगल ही ब्रिटिश खाद्यकंपनी एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या तावडीत सापडत होती. आपण स्वस्तात जाऊ नये म्हणून तिने आपल्या ब्रँडचं मूल्य काढून घेतलं आणि ६७.८ कोटी पौंड ताळेबंदात मांडले. हिशेबनीसांमध्ये तेव्हा चांगलीच खडाजंगी झाली होती.

तर आकडा कोणताही घ्या, पण शेजारी संस्थेचं नाव, वर्ष आणि पद्धत लिहा. दोन याद्यांमधले आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका. वाढ-घट दाखवायची असेल तर एकाच यादीची वर्षं घ्या.

एक उदाहरण मात्र ताळेबंदातलंच घ्या. २०१९ च्या फेब्रुवारीत क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी खाद्यकंपनीने गुडविल (दुसरी कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) आणि ब्रँड यांच्या पुस्तकी किमतीतून १५.४ अब्ज डॉलर कमी केले. त्यात क्राफ्ट आणि ऑस्कर मायर ही नावं होती. कंपनीच्या वार्षिक अहवालातली त्यावरची टीप शोधून वाचा, तोंडी परीक्षेत कामी येईल.