माळ काढून आलेली मुलगी

देवावरचा विश्वास राहिला नाही, घरी सांगू का? हा प्रश्न माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, घेऊन येतात ती बहुतेक पंचविशी-तिशीतली मुलंमुली, आणि तोही दुसऱ्याच कुठल्यातरी तक्रारीच्या आडून. झोप लागत नाही, गावी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, सण जवळ आला की चिडचिड होते. सांगितलं तर आईबाबा मोडून पडतील, नाही सांगितलं तर आपण खोटारडे, अशा कात्रीत ती सापडलेली असतात. हल्ली त्याला आणखी एक शेपूट असतं. मूल कुठेतरी फिरून आलेलं असतं, आणि बिघाड तिथेच झाला याची घरच्यांना खात्री पटलेली असते.

मुक्ताचं तसंच झालं. (नाव अर्थातच खरं नाही. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे.) गाव फलटण तालुक्यातलं, माउलींच्या पालखीमार्गालगतचं. वडील दिंडीत विणेकरी. घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. आषाढात दारात दिंडी उतरते, अंगणात पंगती उठतात. मुक्ता पुण्यात नोकरीला. २०२४ च्या डिसेंबरात ती ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर बँकॉकमार्गे कंबोडियाला गेली आणि परतली ती गळ्यातली तुळशीची माळ पर्समध्ये ठेवून. पहिला फोन आला तो तिच्या आईचा. "पोरगी पार बदलून आली हो. तिकडं कुणी काय भरवलं का डोक्यात, जरा बघा."

सज्ञान मुलीला असं परस्पर बघता येत नाही, ती आपणहून आली तर बोलेन, असं मी सांगितलं. ती आली. थोडी लढायच्या तयारीनेच.

पहिल्या भेटीत मी देवाचा विषय काढलाच नाही. झोप, भूक, काम, मित्रमैत्रिणी, हसणं याबद्दलच विचारलं. नैराश्यात सगळ्यातलीच गोडी जाते, तशी देवातलीही जाते, आणि माणूस त्या आजारालाच स्वतःचं तत्त्वज्ञान समजून बसतो. तसं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, श्रद्धेची चर्चा मागाहून. आणखी एक गोष्ट मी बघते ती मंत्रचळाची. देवाबद्दल अभद्र, नकोसे विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते फेडायला माणूस जप मोजत राहतो. त्याला शंका म्हणत नाहीत, तो आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मुक्ताला यातलं काहीच नव्हतं. तिला होती ती भीती, आणि ती कुठे सुटली हे ती अगदी ठिकाणासकट सांगू शकत होती.

सहल काटकसरीची होती. थायलंडला भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, कंबोडियाचा तीस डॉलरचा. बँकॉकहून अरण्यप्रथेतपर्यंत तिसऱ्या वर्गाची रेल्वे, जेमतेम पन्नास बाटांत. मग पोइपेटची सीमा पायी ओलांडून सिएम रीप. (२०२५ च्या जुलैत याच सीमेवर दोन्ही देशांच्या सैन्यांत लढाई पेटली, तेव्हा हा मार्ग आता कुणी जसाच्या तसा उचलू नये.) राहायला हॉस्टेलमधली पाच-सहा डॉलरची खाट, आणि रोज रात्री मोबाइलवर पै-पैचा हिशोब.

सिएम रीपमधल्या दुसऱ्या संध्याकाळी तिने भाज्यांचं सूप मागवलं. मांस नको, मासा नको, असं हातवारे करून सांगितलंही. अर्धा वाडगा संपल्यावर कळलं की रस्सा प्रहोक घालून केलेला आहे. प्रहोक म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा. तिथल्या स्वयंपाकात तो इतका मुरलेला असतो की बिचाऱ्या दुकानदारिणीच्या दृष्टीने त्यात मासा नव्हताच.

"मी रात्रभर जागी होते," मुक्ता म्हणाली. "फोन उशाशी. घरून काहीतरी वाईट बातमी येणार असंच वाटत होतं. बाबांची बाइक, आईचं बीपी." सकाळी फोन वाजला तो आईच्या शुभ सकाळच्या फुलांचा. आधी तिला हायसं वाटलं आणि पाठोपाठ जो संताप आला त्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं मी कशाला भीत होते? माळ तिने त्या दिवशी काढली.

मी तिला विचारलं, भीती गेली हे दिसतंय. पण श्रद्धाही गेली हे कशावरून ठरवलंस? तिला तो प्रश्न आवडला नाही. तिच्या मते दोन्ही एकच होतं. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. ज्या घरात देवाची ओळख 'बघतोय हं तो' अशी करून दिली जाते, तिथल्या मुलांना भीती वजा केल्यावर खाली काय उरतं ते तपासायची वेळच आलेली नसते. काहींच्या हाताशी काहीच उरत नाही, काहींच्या बरंच उरतं. उत्तर समुपदेशकाने ठरवायचं नसतं.

तिच्याजवळ काहीतरी उरलं होतं, आणि ते तिला अडचणीचं वाटत होतं. त्याचा संबंध अंगकोरच्या तिकिटाशी होता. एका दिवसाचं तिकीट सदतीस डॉलर, तीन दिवसांचं बासष्ट. मैत्रिणीचं म्हणणं, देवळं एका दिवसात होतात. वरच्या पंचवीस डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या दोन हजारांवर रुपयांत, आपलं दोन दिवसांचं खाणं-राहणं निघतं. मुक्ताला तीन दिवस हवे होते. यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. पण भांडणात पैशापेक्षा दुसरंच काहीतरी होतं.

अंगकोर वाट हे बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी बांधलेलं देऊळ. पुढे ते बौद्धांचं झालं आणि आजही आहे. पश्चिमेच्या प्रवेशद्वारात आठ हातांची भली उंच विष्णूची मूर्ती आहे. स्थानिक लोक तिला 'ता रीच' म्हणतात, भगवं-पिवळं वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात. स्वतः बौद्ध असून. मुक्ताने पहिल्या दिवशी गंमतीत म्हटलं, "बघ, विष्णू आणि बुद्ध शेवटी एकच." मैत्रीण नागपूरची, आंबेडकरी कुटुंबातली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, हे स्पष्टपणे आहे. तिने ते तिथेच ऐकवलं. रात्री हिशोब करताना एकीकडे डॉलर आणि दुसरीकडे अवतार, असा तो वाद चालला.

त्या वादात मैत्रीण एक वाक्य बोलून गेली. "आमच्या आजीने देव सोडले तेव्हा अख्खी वस्ती तिच्याबरोबर होती. तुझ्याबरोबर कोण आहे?"

मुक्ताच्या दुखण्याचं इतकं नेमकं निदान मला पहिल्या भेटीत करता आलं नसतं. दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी एकत्र जुनं सोडलं, आणि सोडताना नवं हातात घेतलं: शील, वंदना, गाणी, निळे झेंडे, पुढच्या पिढीला सांगायची तारीख. एकट्याने विश्वास हरवणाऱ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. त्याची पंगत जाते, भजनातली जागा जाते, आषाढात गावाला जायचं कारण जातं. म्हणून माझ्यासमोर बसून 'देव आहे की नाही' असं बोलणारे बरेचजण प्रत्यक्षात 'मी आता कुणाची' हे विचारत असतात.

मुक्ताने तीन दिवसांचंच तिकीट घेतलं होतं. पुढचे दोन दिवस ती एकटी फिरली. पहाटे सगळे पर्यटक सूर्योदयाच्या फोटोसाठी तळ्याकडे पळत असताना ती दारातल्या त्या मूर्तीपाशी थांबली आणि तिचे हात जोडले गेले. "माळ काढलेली, विश्वास नाही, आणि हात जोडते. हे ढोंग नाही का?" यावर ती माझ्याशी बराच वेळ भांडली. माझं म्हणणं एवढंच होतं की हाताला वीस-पंचवीस वर्षांची सवय आहे आणि त्याच्याकडून लेखी खुलासा मागायची घाई नाही.

मग एकदा बोलता बोलता आजी आली. सत्तरी उलटेपर्यंत पायी वारी केलेली आजी. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आजीने ते टीव्हीवर पाहिलं आणि दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, ती गेली. दवाखान्यात एकटी. गुंडाळलेलं शरीर, लांबून दर्शन. घरी सगळे म्हणाले, माउलींनी बोलावून घेतलं. मुक्ता तेव्हाच मनात म्हणाली होती, हे असं बोलावतात का? मोठ्याने म्हणाली नाही. तेव्हापासून तिने सगळं केलं, हरिपाठ, एकादशी, पंगतीला वाढणं, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य गिळलं.

म्हणजे बिघाड कंबोडियात झालेला नव्हता. तिथे फक्त बघणारं कुणी नव्हतं. परक्या गावात, तुम्ही कोण हे कुणालाच ठाऊक नसताना, गिळलेलं वर येतं. प्रवासाचं श्रेय आणि दोष मी एवढाच मानते. 'मीही एकदा बाहेर फिरून येऊ का, मग कळेल' असं विचारणाऱ्यांना मी सांगते, हौस असेल आणि पैसे असतील तर जरूर जा. पण कर्ज काढून स्वतःचा शोध घ्यायला जाऊ नका, हप्ते शोधापेक्षा जास्त काळ चालतात.

जेम्स फाउलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या सुमारास श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडले. वारशाने आलेली श्रद्धा तरुणपणी स्वतः तपासून पाहणं हा त्यातला एक टप्पा. मुक्ताला ते ऐकून बरं वाटलं. मला ती मांडणी पूर्ण पटत नाही, कारण पायऱ्या म्हटलं की माणूस वर चढल्याच्या तोऱ्यात खालच्यांकडे बघायला लागतो, आणि खालच्या पायरीवर नेमकी आई उभी असते. पण 'हे होतं, हा गुन्हा नाही' इतकं कळायला ती उपयोगी आहे.

राहिला घरी सांगायचा प्रश्न. जिथे सांगितल्यावर मारहाण, शिक्षण थांबणं किंवा लग्न उरकून टाकणं असा धोका असतो, तिथे मी स्पष्ट सांगते, आत्ता सांगू नका. स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत गप्प बसणं म्हणजे खोटेपणा नव्हे. मुक्ताच्या घरी तसा धोका नव्हता. मग आम्ही तयारी केली. एकादशीच्या दिवशी नाही, फोनवर नाही, पाहुण्यांसमोर नाही. देव आहे की नाही यावर निकाल द्यायचा नाही. आजीबद्दल बोलायचं. आणि काय करणार, काय नाही हे सरळ सांगायचं: माळ घालणार नाही, उपवास धरणार नाही, दिंडीच्या पंगतीला दरवर्षी वाढायला येईन.

वडील ताटावरून उठून गेले. आई रडली, मग बोलायची थांबली. मुक्ता त्या आठवड्यात माझ्यावर रागावलेली होती आणि तो राग मला रास्त वाटला. पंधरा-वीस दिवसांनी वडील तिला रात्री ओट्यावर म्हणाले, "माझ्या लेखी देव मेला, असं तुकोबाही म्हणून गेलेत. तू तर नुसती माळ काढलीस." मुक्ताला हे प्रमाणपत्र मिळाल्यासारखं वाटलं. मी तिला ते इतक्यात भिंतीवर लावू नको म्हटलं. तुकोबांचा राग देवाशी आयुष्यभर बोलणाऱ्याचा राग होता, तिचं तसंच आहे की नाही हे तिला अजून माहीत नव्हतं. वडिलांनी मात्र त्यांच्या परीने दार उघडं ठेवलं होतं, आणि ते मोठं होतं.

आषाढात ती पंगतीला वाढायला गेली. मोकळा गळा बघून दोन बायकांनी विचारलं, आईने "तुटलीय" असं सांगून टाकलं. मुक्ताला ते लागलं, पण तिने ते आईवर सोडून दिलं.

मग आई एकदा स्वतः आली. तिला वाटत होतं की मी मुलीची बाजू घेणार. लग्नाचं, भावकीचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मी गेल्यावर माझ्या नावाने वारी कोण करणार?" हे तिने घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मुक्ताची सत्रं आता थांबली आहेत. आई येते. तिच्याही मनात २०२१ चा तो मे महिना आहे, पण त्याबद्दल इथे लिहायची परवानगी तिने मला दिलेली नाही.