मुलगा बाईक घेऊन हायवेला जातो, माझा जीव थाऱ्यावर नसतो

पहिले पाऊस पडून घाट हिरवे झाले की एक ठरावीक काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची संख्या वाढते. आया येतात, बायका येतात, क्वचित एखादे वडील. मुलगा किंवा नवरा आठवडाभर लोकलने कामाला जातो, पैसे साठवून बाईक घेतो आणि शनिवार-रविवारी मित्रांबरोबर हायवेला लागतो. पहाटे पाचला निघायचं, ऐरोली किंवा वाशीला सगळ्यांनी जमायचं, नाश्ता ऐंशी-शंभर किलोमीटरवर कुठेतरी, दुपारी परत. तो परत येईपर्यंत घरात काय होतं, हे सांगताना प्रत्येकीचे शब्द जवळपास सारखे असतात. “मॅडम, जीव थाऱ्यावर नसतो. त्याला जाऊ देऊ की नको?”

“उगाच काळजी करता” असं मी कधीच म्हणत नाही, कारण ती उगाच नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंमागे अतिवेग होता. हे आकडे मी पालकांसमोर मुद्दाम ठेवते. आधी ते घाबरतात, मग त्यांच्या लक्षात येतं की हेल्मेट आणि वेग या दोन्ही गोष्टी चालवणाऱ्याच्या हातातल्या आहेत. नशिबावर सोडलेल्या काळजीपेक्षा ही काळजी हाताळायला सोपी जाते.

यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट, त्यांच्या परवानगीने, नावं आणि ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

सुनंदाताई भांडुपच्या. मुलगा निखिल सत्तावीस वर्षांचा, अंधेरीला विमा कंपनीत. यजमान एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. निखिलने साडेतीनशे सीसीची बुलेट घेतल्यापासून ताईंचे रविवार अवघड झाले होते. तो निघाला की त्या देवापुढे दिवा लावायच्या आणि तो येईपर्यंत अन्नाला शिवायच्या नाहीत. दर अर्ध्या तासाने फोन. नाही उचलला की लागोपाठ चार-पाच. छातीत धडधड, हातापायांना घाम. फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या, सगळं ठीक निघालं आणि त्यांनीच माझ्याकडे पाठवलं.

पहिल्यांदा त्या एकट्याच आल्या. आपलं दुःख सांगून झाल्यावर म्हणाल्या, “तुम्हीच त्याला समजवा. तुमचं ऐकेल.”

मी विचारलं, “तो कुठल्या रस्त्याने जातो, तुम्हाला माहीत आहे?”

“एक्स्प्रेस वेनं. किती भयंकर गाड्या पळतात तिथे! मी रोज बातम्यांत बघते.”

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावर आहे, अटल सेतूवर आहे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवरही आहे. मुंबईचा बाईकवाला पुण्याकडे जातो तो जुन्या महामार्गाने, पनवेल-चौक-खोपोली करत. म्हणजे ताई कित्येक महिने अशा रस्त्यावर मुलाचा अपघात बघत होत्या, जिथे तो पाऊलही टाकत नव्हता. घरी या विषयावर इतकं रडणं-ओरडणं झालं होतं, पण “नक्की कसा जातोस ते सांग” हा साधा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. हे मला बहुतेक घरांत दिसतं. जाण्यावर वाद होतात, जायचं कसं यावर कुणी बोलत नाही.

पुढच्या वेळी मी तिघांना बोलावलं. निखिल खुर्चीच्या टोकावर बसला होता. त्याने आधीच सांगून टाकलं, “राईड बंद कर म्हणणार असाल तर माझा वेळ जाईल.” मी म्हटलं, तसं मी म्हणणार नाही, फक्त गेल्या रविवारचं सांग.

ताईंनीच उत्तर दिलं. “लोणावळ्याला गेला होता. चिक्की आणली माझ्यासाठी.”

निखिल गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई, ती चिक्की मी येताना ठाण्याला घेतली. आम्ही माळशेजला गेलो होतो.”

ताईंचा चेहरा उतरला. आतापर्यंत एक अक्षरही न बोललेले वडील हळू आवाजात म्हणाले, “तिथे काही झालं असतं तर आम्ही बोरघाटात शोधत बसलो असतो रे.”

मी निखिलला कारण विचारलं. तो म्हणाला, “माळशेज म्हटलं की आई रात्रभर जागते. ती जागी असली की मलाही झोप लागत नाही. मग अर्धवट झोपेत साडेचारला गाडी काढायची. आणि वाटेत फोन. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ आहे, सारखा वाजतो. ती रडायला लागली की मी गाडी जोरात हाणतो, एकदाचा पोचतो म्हणून.”

ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. फोनवर आईचं रडणं ऐकत घाटातलं वळण घेणारा मुलगा मला त्या क्षणी दिसला. पण मी काही बोलले नाही. ताईंनाही ते दिसलं होतं. ज्या गोष्टीने मुलगा सुखरूप राहील असं त्यांना वाटत होतं, तिनेच तो थकत होता, घाई करत होता आणि खोटं बोलत होता.

बरेच समुपदेशक इथेच थांबतील. फोन कमी करा, खोटं बोलू नका, संवाद वाढवा. हे सगळं खरंच आहे, पण मला ते अपुरं वाटतं. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारसरणीत घडलेली आहे. त्यांनी १९५५ पासून जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी असलेली गोष्ट माझ्या कामात मला रोज खरी ठरताना दिसते: माणूस घटनेने जेवढा हलतो, त्याहून जास्त त्या घटनेबद्दल मनाशी जे ठरवून बसलेला असतो त्याने हलतो. ताईंनी मनाशी काय ठरवलं होतं, ते अजून बाहेर आलेलं नव्हतं. नुसते फोन बंद केले असते, तर तीच धडधड दुसऱ्या वाटेने वर आली असती.

ते बाहेर आलं यजमानांच्या नोकरीच्या निमित्ताने. मी सहज विचारलं, “हे एसटी चालवायचे तेव्हा कुठल्या मार्गावर असायचे?”

“कुर्ला नेहरूनगर डेपो. नगरच्या गाड्या. माळशेजच घाट की.”

“रात्रीच्या गाड्यासुद्धा?”

“हो तर. पावसाळ्यात दरडी पडायच्या, धुकं असायचं.”

“मग तेव्हा तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? झोपायचे. सकाळी पोरांच्या शाळा असायच्या.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तेव्हा फोन कुठे होते, मॅडम. दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले की कळायचं, आले.”

“ते सुखरूप येतील याची खात्री होती?”

“खात्री कशी असेल? घाट तो घाट.”

“म्हणजे खात्री नसताना तुम्ही वर्षानुवर्षं शांत झोपलात.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसणं फार महत्त्वाचं असतं, आणि हे मला जमतं, असं मी म्हणू शकते. शेवटी ताई एकदम उसळून म्हणाल्या, “ते पोटासाठी जात होते! हा मजेसाठी मरायला जातो!”

गाठ इथे होती. पोटासाठी पत्करलेला धोका त्यांच्या लेखी मान्य होता, किंबहुना त्याला मान होता. आनंदासाठी पत्करलेला धोका हा गुन्हा होता. म्हणून त्यांच्या भीतीत इतका राग मिसळलेला होता, आणि म्हणूनच निखिलला ती भीती कधी मायेची वाटली नाही, कायम आरोपासारखी वाटली. ज्या पिढीने स्वतःच्या हौसेसाठी कधी एक रविवार काढला नाही, तिला मुलाची हौस उधळेपणा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मी ताईंना विचारलं, तुम्ही स्वतःच्या आनंदासाठी शेवटचं घराबाहेर कधी पडलात? त्यांना आठवेना.

निखिलला मी म्हटलं, “आईला सांग, तुला त्यात काय मिळतं.” तो अडखळत बोलला. “दिवसभर हेडसेट कानाला असतो, आई. लोक ओरडतात. कुणाचा दावा नाकारला म्हणून, कुणाचे पैसे अडकले म्हणून. रविवारी मुरबाड सोडलं की समोर डोंगर दिसतात. कुणी बोलत नाही. मागे आरशात मित्रांचे लाईट दिसतात, बस. मग सोमवारी परत जाता येतं.”

वडील म्हणाले, “मलापण घाट आवडायचा. घरी कधी बोललो नाही.”

ताईंना त्या दिवशी खूप रडू आलं. मला मनापासून समाधान वाटलं, कारण हे रडणं रविवारच्या फोनवरच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं. यात कुणाकडे काही मागणं नव्हतं.

त्यानंतरचं काम व्यवहाराचं होतं. मी ताईंना सांगितलं, मुलाकडून हमी मागू नका. ‘काही होणार नाही’ असं वचन कुणीच देऊ शकत नाही, आणि देता न येणारं वचन मागितलं की समोरचा खोटं बोलतो. अटी मात्र मागा, ठाम मागा. अट त्याला पाळता येते आणि पाळली की नाही हे तुम्हाला दिसतं.

अटी ठरवायला वडील बसले. आयुष्यभर घाट चालवलेला माणूस घरात असून त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं! आदल्या रात्री दहाला झोपायचं, आणि शुक्रवार-शनिवारी दारू झाली असेल तर सकाळची राईड रद्द, वाद नाही. आयएसआय खुणेचं पूर्ण हेल्मेट, पट्टा लावलेला. मागे कुणी बसलं तर त्यालाही. कुठल्या रस्त्याने, कुठे थांबणार, सोबत कोण, हे कागदावर लिहून फ्रिजवर. ग्रुपमधल्या आणखी दोघांचे नंबर. धावत्या गाडीवर फोन नाही, थांबलं की एक मेसेज. अंधार पडायच्या आत घरी, आणि उशीर होत असेल तर घाई न करता कळवायचं, त्यावरून कुणी ओरडणार नाही. पावसाळ्यात घाटात दरडीखाली, धबधब्याखाली गाडी लावायची नाही.

वडिलांनी आणखी एक विचारलं, जे मला सुचलं नसतं. “रांगेत तू कितवा असतोस?” निखिल म्हणाला, शेवटून दुसरा, कारण तो ग्रुपमध्ये नवा. वडिलांनी मान हलवली. रांग लांबली की मागच्याला पुढच्यांना गाठण्यासाठी त्यांच्यापेक्षा जोरात पळवावी लागते, म्हणून नवखा माणूस सर्वांत पुढच्याच्या लगेच मागे हवा आणि सर्वांत शेवटी अनुभवी. निखिलने हे ग्रुपमध्ये मांडलं आणि त्यांनी ते मान्य केलं. राईडला जाणाऱ्या मुलांना मी हे आता आवर्जून विचारते. मागे पडलेल्याची थट्टा करणारा ग्रुप असेल, तर ग्रुप बदला असंच सांगते.

ताईंसाठी वेगळा अभ्यास होता. तो निघाल्यावर नेहमीच्या वेळी नाश्ता करायचा, भूक असो-नसो. फोन हातात न ठेवता आतल्या खोलीत, आवाज चालू. मनात अपघाताचं चित्र आलं की त्याच्याशी भांडायचं नाही. “हे होऊ शकतं, पण आत्ता झालेलं नाही, आणि झालं तर आम्ही काय करायचं ते ठरलेलं आहे” असं स्वतःला सांगून हातातलं काम चालू ठेवायचं. काय करायचं तेही खरोखर लिहून ठेवलं होतं: १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. पहिल्या रविवारी त्यांनी तरीही दोनदा फोन केला. मी रागावले नाही. आधी किती व्हायचे ते आठवा, एवढंच म्हटलं. हळूहळू मेसेजवर भागू लागलं, धडधड कमी झाली. गेलीच, असं मी म्हणणार नाही.

सगळ्या घरांना हा मार्ग लागू पडत नाही. मुलगा पिऊन चालवत असेल, विनाहेल्मेट शंभरच्या वर वेगाचे व्हिडिओ टाकत असेल, ठरलेल्या अटी पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर तिथे आईच्या मनावर काम करून उपयोग नाही. तिथे गाडीची चावी काढून घेणं, पैसे थांबवणं हाच योग्य प्रतिसाद आहे आणि मी त्यात पालकांच्या बाजूने उभी राहते. धडधड आणि निद्रानाश राईड नसलेल्या दिवसांतही चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, अंगावर काढू नका. आणि घरी लहान मूल असलेल्या बायका जेव्हा विचारतात, “दर रविवार त्याचाच का?”, तेव्हा तो प्रश्न भीतीचा नसतो, वाटणीचा असतो. महिन्यातले दोन रविवार तिला तिच्या मनासारखे मिळाले की त्यांतल्या बऱ्याच जणींची महामार्गाबद्दलची तक्रार निम्मी होते.

सुनंदाताई आता नियमित येत नाहीत. परवा फोन आला होता. निखिलला डिसेंबरमध्ये मित्रांबरोबर मुंबई-गोवा महामार्गाने गोव्याला जायचंय आणि सगळं अंतर एका दिवसात कापायचंय. ताईंची अट आहे की चिपळूणला मुक्काम झालाच पाहिजे, वडील ताईंच्या बाजूने आहेत, निखिल म्हणतो कोल्हापूरमार्गे गेलो तर एका दिवसात होईल. “तुम्ही सांगा ना त्याला,” ताई म्हणाल्या. मी नाही म्हटलं. नकाशा काढा, तिघं बसा आणि तुमचं तुम्ही ठरवा.